पेशी आतून कशी असते आणि ती एवढी गुंतागुंतीची झाली कशी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पेशीचं चित्र आपण सगळ्यांनी काढलंय. एक गोल, मधे केंद्रक, बाजूला चपलेच्या तळव्यासारखे दोन-तीन मायटोकॉन्ड्रिया, बाण मारून नावं लिहिली की झाले पाच मार्क. त्या चित्रात एक गोष्ट मात्र कधीच दिसत नाही, ती म्हणजे या गोलातली सगळी मंडळी मुळात एका घरातली नाहीत. मी शिकवताना हा मुद्दा आला की वर्गात प्रश्नांची सरबत्ती सुरू होते आणि दरवर्षी साधारण तेच तेच प्रश्न असतात, म्हणून म्हटलं एकदा सगळे एका जागी लिहून टाकू. क्रम वगैरे फार बघू नका, जसे विचारले जातात तसे घेतलेत.

पेशी म्हणजे नक्की काय? व्याख्या नको, समजेल असं सांगा.

पाण्यात असलेली एक पिशवी समजा. पिशवीची कातडी म्हणजे स्निग्ध पदार्थांच्या रेणूंचा दुहेरी थर, जाडी जेमतेम ७-८ नॅनोमीटर. आत एक दुनिया, बाहेर दुसरी, आणि हा आत-बाहेरचा फरक टिकवून ठेवायला पेशी सतत ऊर्जा खर्च करत असते, तो फरक मिटला की खेळ खल्लास. आजच्या जवळजवळ प्रत्येक पेशीत, मग ती बॅक्टेरियाची असो की हत्तीची, चार गोष्टी असतातच: हे पटल, डीएनए, प्रथिनं बनवणारे रायबोझोम आणि ऊर्जेचं चलन म्हणजे एटीपी. बाकी सगळं घराप्रमाणे वेगळं. आणि पेशी शून्यातून तयार होत नाही, आधीच्या पेशीपासूनच होते. हे वाक्य १८५५ मध्ये जर्मन डॉक्टर फिर्कोने गाजवलं, पण त्याच्याआधी रेमाक तेच सांगत होता, त्याचं नाव कोणी घेत नाही.

पेशी पहिल्यांदा कोणी पाहिली?

रॉबर्ट हूक, १६६५. पण त्याने बुचाच्या झाडाच्या सालीचा काप पाहिला, म्हणजे मेलेल्या पेशींच्या रिकाम्या भिंती. जिवंत काहीतरी वळवळताना पाहिलं ते लेव्हेनहूकने, १६७० च्या दशकात, स्वतः घासून बनवलेल्या इवल्याशा भिंगातून. केंद्रकाला नाव मिळालं रॉबर्ट ब्राऊनमुळे १८३१ मध्ये. मग १८३८-३९ ला श्लायडेन आणि श्वानने झाडं आणि प्राणी दोन्ही पेशींचेच बनलेत असं मांडलं. परीक्षेपुरतं एवढं बास.

खरी पेशी पुस्तकातल्या चित्रासारखी दिसते का?

नाही हो. चित्रात सगळं सुटसुटीत, मधे मोकळी जागा. खऱ्या पेशीत मोकळी जागा नसतेच, गच्च भरलेलं असतं सगळं.

जमलं तर एकदा तरी हायड्रिलाचं पान मायक्रोस्कोपखाली बघा. पाणवनस्पती आहे, पान फक्त दोन पेशी जाड, रंग द्यायची पण गरज नाही, पाण्याच्या थेंबात पान ठेवायचं, वर कव्हरस्लिप, झालं. आधी नुसते हिरवे ठिपके ठेवलेल्या विटा दिसतात. पाच-दहा मिनिटं दिव्याच्या उजेडात राहू द्या. मग एखाद्या पेशीत एक हिरवा ठिपका हलतो, मग दुसरा, आणि मग लक्षात येतं की सगळेच ठिपके भिंतीला धरून एकामागे एक गोल फिरतायत, कोपऱ्यावर जरा अडकतात, मागचा येऊन टेकतो, आणि परत निघतात. ते हिरवे ठिपके म्हणजे क्लोरोप्लास्ट, पुस्तकात ज्यांना हरितलवक म्हणतात ते. ते स्वतः पोहत नाहीत, आतल्या प्रथिनांच्या दोऱ्यांवरून पेशीद्रव्य वाहतं आणि त्यात ते वाहतात. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा पुढचा तास बुडवला होता. त्यांच्याकडे बघताना एक गोष्ट डोक्यात असू द्या: या प्रत्येक ठिपक्याचे पूर्वज कधीकाळी पाण्यात स्वतंत्र राहायचे.

आदिकेंद्रकी आणि दृश्यकेंद्रकी पेशीत फरक काय? केंद्रक नसतं आणि असतं, एवढंच ना?

तेवढंच लिहिलं तर मार्क मिळतील, पण फरक त्याहून फार मोठा आहे.

साइजपासून सुरू करू. ई. कोलाय हा नेहमीचा बॅक्टेरिया साधारण २ मायक्रोमीटर लांब. आपल्या शरीरातली मध्यम पेशी १०-२० मायक्रोमीटर. दहापट वाटते, पण ती लांबी झाली, आकारमान काढलं तर हजारपटीच्या वर जातं. बॅक्टेरियाचा डीएनए बहुतेक वेळा एक गोल कडं, ई. कोलायमध्ये ४६ लाख अक्षरं. आपल्या एका पेशीत डीएनए सरळ केला तर साधारण २ मीटर भरतो आणि तो ६ मायक्रोमीटरच्या आसपासच्या केंद्रकात गुंडाळून बसवलेला असतो.

पण मला विचाराल तर सगळ्यात मजेशीर फरक कामाच्या पद्धतीत आहे. बॅक्टेरियात डीएनएवरून आरएनएची नक्कल उतरवणं चालू असतानाच रायबोझोम येऊन त्या अर्धवट नकलेवर बसतात आणि प्रथिन बनवायला लागतात, म्हणजे पत्र टाइप होतंय आणि समोरचा ते वाचून कामाला पण लागलाय. दृश्यकेंद्रकी पेशीत तसं चालत नाही. नक्कल केंद्रकाच्या आत तयार होते, तिथेच तिची काटछाट होते, मग ती केंद्रकाच्या छिद्रांतून बाहेर येते आणि मगच रायबोझोमच्या हातात पडते. हा उशीर मुद्दाम का, ते पुढे केंद्रकाच्या प्रश्नात येईलच.

शिवाय दृश्यकेंद्रकी पेशीत आतला सांगाडा असतो, माल वाहणारी प्रथिनं असतात, बाहेरची वस्तू वेढून आत घ्यायची सोय असते, मायटोकॉन्ड्रिया असतात, लैंगिक प्रजननासाठी लागणारं अर्धसूत्री विभाजन असतं. हे सगळं पॅकेजच येतं. यातल्या चार गोष्टी आहेत आणि बाकीच्या अजून यायच्यात असा अधला-मधला जीव आज कुठे सापडत नाही, आणि हे सगळं घडलं कसं याच्या गोंधळाचं मूळ तिथेच आहे.

आतल्या भागांची नावं आणि कामं पटकन सांगा ना.

पटकनच सांगतो. केंद्रकात डीएनए. आंतर्द्रव्यजालिका म्हणजे पटलांचं जाळं, त्याच्या खडबडीत भागावर रायबोझोम बसून प्रथिनं बनवतात. गॉल्गी संकुल त्या मालाला पॅकिंग करून पत्ता चिकटवतं, कॅमिलो गॉल्गीने ते १८९८ मध्ये पाहिलं आणि नंतर कित्येक वर्षं लोक म्हणत होते की हा रंग द्यायच्या पद्धतीतला दोष आहे, असं काही नसतंच. लयकारिका मोडतोड करतात. झाडांत मोठी रिक्तिका आणि बाहेरून भित्तिका. मायटोकॉन्ड्रिया आणि क्लोरोप्लास्टचं वेगळं बोलू, कारण ही दोघं बाकीच्यांसारखी नाहीत.

मायटोकॉन्ड्रिया 'पॉवरहाऊस' आहे म्हणजे करतो काय?

हे वाक्य सगळ्यांना पाठ असतं आणि पुढे विचारलं की शांतता. तो अन्न 'जाळतो' असं नाही. अन्नातले इलेक्ट्रॉन तो एकाकडून दुसऱ्याकडे देत देत शेवटी ऑक्सिजनला देतो, आणि या देवाणघेवाणीत जी ऊर्जा सुटते तिने प्रोटॉन आतल्या पटलाच्या पलीकडे ढकलतो. एका बाजूला प्रोटॉनची गर्दी, दुसऱ्या बाजूला कमी. धरणात पाणी अडवल्यासारखं. मग परत यायला एकच वाट ठेवलेली असते, एटीपी सिंथेज नावाच्या प्रथिनातून, आणि प्रोटॉन त्यातून घसरत येताना ते प्रथिन खरोखर चाकासारखं फिरतं. उपमा म्हणून नाही, खरंच फिरतं. त्या फिरण्यातून एटीपी बनतं.

१९६१ मध्ये पीटर मिशेलने हे मांडलं तेव्हा बऱ्याच जणांनी त्याला वेड्यात काढलं, १९७८ ला त्यालाच नोबेल मिळालं. आकडा सांगतो: कुठल्याही क्षणी तुमच्या शरीरात एटीपी फार तर शंभर-दोनशे ग्रॅम असेल, पण तेच परत परत वापरून दिवसभरात साधारण तुमच्या स्वतःच्या वजनाएवढं एटीपी तयार होतं आणि संपतं.

आणि बॅक्टेरिया हेच काम कुठे करतात? स्वतःच्या बाहेरच्या पटलावर. तीच पद्धत, त्याच घराण्यातलं चाक. इथूनच संशय यायला पाहिजे.

म्हणजे मायटोकॉन्ड्रिया खरंच कधीकाळी बॅक्टेरिया होते? हे सिद्ध झालंय की फक्त थिअरी?

खरंच होते. आज यावर वाद उरलेला नाही, वाद कसं आणि कधी यावर आहे.

पुरावे बघा. त्यांचा स्वतःचा डीएनए आहे, माणसाच्या मायटोकॉन्ड्रियात १६,५६९ अक्षरांचं गोल कडं, १९८१ मध्ये पूर्ण वाचून झालं. स्वतःचे रायबोझोम आहेत आणि ते पेशीच्या बाकीच्या रायबोझोमपेक्षा बॅक्टेरियाच्या रायबोझोमना जवळचे आहेत. भोवती दोन पटलं आहेत आणि आतल्या पटलात कार्डिओलिपिन नावाचा स्निग्ध पदार्थ आहे जो बॅक्टेरियाच्या पटलात भेटतो. पेशी त्यांना नव्याने बनवू शकत नाही, आधीचे दुभागूनच नवे होतात, म्हणजे एखाद्या पेशीतले सगळे काढून टाकले तर ती पेशी ते परत तयार करू शकत नाही. पण या सगळ्याला योगायोग म्हणणारे होतेच. खरा निकाल लागला तो जनुकांची तुलना करता यायला लागली तेव्हा. मायटोकॉन्ड्रियाची जनुकं वंशवृक्षावर टाकली की ती आपल्या केंद्रकाच्या आसपास न जाता सरळ जाऊन अल्फाप्रोटिओबॅक्टेरिया नावाच्या बॅक्टेरियांच्या गटाशेजारी बसतात. १९९८ मध्ये टायफस तापाच्या जंतूचा, रिकेट्सियाचा, पूर्ण जीनोम (म्हणजे सगळा डीएनए) वाचला तर मायटोकॉन्ड्रियाशी इतकं साम्य निघालं की भाऊबंदकी नाकारायला जागाच उरली नाही.

क्लोरोप्लास्टचं तर अजून सोपं, ते सायनोबॅक्टेरियांच्या, म्हणजे प्रकाशावर अन्न बनवणाऱ्या बॅक्टेरियांच्या, घरातले.

आणि हो, 'फक्त थिअरी' हा शब्दप्रयोग जरा जपून वापरा, विज्ञानात थिअरी म्हणजे अंदाज नव्हे.

ही कल्पना लिन मार्ग्युलिस या अमेरिकन जीवशास्त्रज्ञ बाईंची ना?

पूर्ण तिची नाही, पण श्रेय तिचंच असं मी म्हणेन. १९०५ मध्ये रशियाचा मेरेश्कोव्स्की क्लोरोप्लास्टबद्दल हेच म्हणाला होता, १९२० च्या दशकात अमेरिकेत वॉलिन मायटोकॉन्ड्रियाबद्दल म्हणाला, पण हातात ठोस काही नव्हतं आणि लोकांनी हसण्यावारी नेलं. मग १९६२-६३ च्या सुमारास क्लोरोप्लास्ट आणि मायटोकॉन्ड्रियात डीएनए असल्याचं इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली दिसलं. तेव्हा मार्ग्युलिसने सगळे धागे एकत्र बांधले. तिचा पेपर पंधराच्या आसपास जर्नल्सकडून परत आला आणि शेवटी १९६७ मध्ये छापला गेला, तेव्हा ती लिन सेगन या नावाने लिहायची. तिची प्रत्येक गोष्ट बरोबर निघाली असं मात्र नाही, पेशीच्या शेपट्यासुद्धा बॅक्टेरियापासून आल्या असं ती शेवटपर्यंत म्हणत राहिली आणि त्याला पुरावा मिळाला नाही.

मग मायटोकॉन्ड्रिया काढून बाहेर वाढवता येईल का?

नाही. ते आता जिवंत भाडेकरू राहिलेले नाहीत, त्यांची घराची किल्लीच गेलीय. बॅक्टेरियाकडे हजारो जनुकं असतात, आपल्या मायटोकॉन्ड्रियाकडे उरलीत ३७, आणि त्यातली प्रथिनं बनवणारी फक्त १३. काम चालवायला प्रथिनं लागतात हजाराच्या वर. बाकीची जनुकं कोट्यवधी वर्षांत काही हरवली, बरीचशी केंद्रकात जाऊन बसली, आणि आता केंद्रकाच्या हुकमावरून प्रथिनं बाहेर बनतात आणि पत्त्याचं लेबल लावून आत पाठवली जातात.

जुनी ओळख मात्र कधीकधी त्रास देते. काही अँटिबायोटिक्स बॅक्टेरियाच्या रायबोझोमवर नेम धरतात, आणि मायटोकॉन्ड्रियाचे रायबोझोम त्याच वळणाचे असल्यामुळे थोडा मार त्यांनाही बसतो. क्लोरॅम्फेनिकॉल, लिनेझोलिड यांचे काही दुष्परिणाम त्यातलेच. आणि मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएत १५५५ व्या जागी एक विशिष्ट बदल असलेल्या माणसांना जेंटामायसिनच्या गटातल्या औषधांनी ऐकू येणं जाऊ शकतं, कारण त्या एका अक्षराने त्यांचा रायबोझोम अजूनच बॅक्टेरियासारखा दिसायला लागतो. दीड-दोनशे कोटी वर्षांपूर्वीचं नातं असं अचानक दवाखान्यात भेटतं.

बरं, बॅक्टेरिया आत गेला. पण आत घेणारा कोण होता?

हा माझा आवडता प्रश्न, त्यामुळे उत्तर लांबणार.

१९७७ पर्यंत जीवसृष्टीचे दोन भाग धरले जायचे, केंद्रक असलेले आणि नसलेले. मग कार्ल वोज आणि जॉर्ज फॉक्स यांनी रायबोझोमच्या आरएनएची तुलना केली आणि लक्षात आलं की केंद्रक नसलेल्यांतही दोन पूर्ण वेगळी घराणी आहेत, बॅक्टेरिया आणि आर्किया. दिसायला सारखे, पण आर्कियाच्या पटलाचे रेणू वेगळे, जनुकं वाचायची यंत्रणा वेगळी. आणि गंमत अशी की ती यंत्रणा आपल्या केंद्रकातल्या यंत्रणेला जवळची. म्हणजे आपल्या पेशीत 'कागदपत्रं सांभाळणारा विभाग' आर्कियाचा आणि 'वीज खातं' बॅक्टेरियाचं.

आर्कियातला नेमका कोण, ते कळायला २०१५ उजाडलं. ग्रीनलंड आणि नॉर्वेच्या मधल्या समुद्रात ३,००० मीटरपेक्षा खोल गाळातून डीएनए काढला, जीव दिसला नाही, फक्त डीएनए, आणि त्यात अशी जनुकं सापडली जी फक्त दृश्यकेंद्रकी पेशींची मक्तेदारी मानली जायची: सांगाडा ज्याचा बनतो त्या अॅक्टिन प्रथिनाची, पटलं वाकवणाऱ्या प्रथिनांची. जवळच्या गरम झऱ्यांना 'लोकीचा किल्ला' म्हणतात म्हणून नाव पडलं लोकीआर्किया, मग त्याचे नातेवाईक सापडत गेले तसे थोर, ओडिन, हेमडाल अशी नॉर्स देवांची नावं देत गेले आणि सगळ्या गटाला म्हणायला लागले अॅसगार्ड आर्किया.

शंकेखोर म्हणाले, गाळातला डीएनए आहे, भेसळ झाली असेल, जीव दाखवा. आणि इथे जपानी चिकाटी बघा. हिरोयुकी इमाची आणि सहकाऱ्यांकडे २००६ मध्ये जपानजवळच्या समुद्रतळावरून, २,५३३ मीटर खोलीवरून आणलेला गाळ होता. तो त्यांनी मिथेन सोडलेल्या टाकीत स्पंजांवर पाच वर्षांपेक्षा जास्त वाढवत ठेवला, मग नळ्यांमध्ये, मग अजून नळ्यांमध्ये. ई. कोलाय २० मिनिटांत दुप्पट होतो, या महाशयांना दुप्पट व्हायला १४ ते २५ दिवस लागतात. बारा वर्षांनी हाती लागला, २०२० मध्ये रीतसर छापून आलं, नाव ठेवलं प्रोमिथिओआर्कियम सिंट्रोफिकम.

सगळ्यांना वाटलं होतं की मोठी, आत खण पाडलेली पेशी निघेल. निघाली अर्ध्या मायक्रोमीटरची इटुकली गोळी, आत काहीही नाही. पण तिला बाहेर लांब लांब फाटे फुटतात, झाडाच्या मुळांसारखे. आणि ती एकटी वाढत नाही, शेजारी दुसरा सूक्ष्मजीव लागतोच, हिने टाकलेला हायड्रोजन तो खातो. २०२२ च्या शेवटी व्हिएन्नातल्या गटाने दुसरा एक अॅसगार्ड वाढवला आणि त्या फाट्यांच्या आत अॅक्टिनचा सांगाडा प्रत्यक्ष दाखवला.

पण गिळायला आधी गिळण्याची सोय पाहिजे ना? ती तर दृश्यकेंद्रकी पेशीकडेच असते.

बरोबर पकडलंत. जुन्या चित्रात मोठ्या पेशीने छोट्या बॅक्टेरियाला गपकन खाल्लं आणि पचवायचं विसरली असं दाखवायचे. ते आता अवघड वाटतं. १९९८ मध्ये मार्टिन आणि म्युलर यांनी दुसरा मार्ग सुचवला: दोघं आधी शेजारी होते, बॅक्टेरिया हायड्रोजन टाकायचा आणि आर्किया तो वापरायचा, देणंघेणं जितकं वाढलं तितके चिकटत गेले. २०१४ मध्ये डेव्हिड बॉम आणि बझ बॉम यांनी म्हटलं की आर्कियाला बाहेर फाटे फुटले, फाट्यांनी बॅक्टेरियांना कवेत घेतलं, फाटे रुंद होत एकमेकांना मिळाले आणि जी मूळ पेशी होती तीच झाली केंद्रक. म्हणजे केंद्रक आत तयार झालं नाही, बाकीची पेशी त्याच्या बाहेर वाढली. मी हे वाचलं तेव्हा जरा ओढूनताणून वाटलं होतं, पण सहा वर्षांनी फाटे फुटलेल्या त्या इटुकल्या गोळीचे फोटो आले आणि मी गप्प बसलो. अर्थात एका आजच्या जीवाचा फोटो म्हणजे तेव्हाच्या घटनेचा पुरावा नव्हे.

एक गाठ मात्र सुटत नाहीये. यजमान आर्किया असेल तर आपली पटलं आर्कियासारखी हवीत, पण आहेत बॅक्टेरियासारखी. म्हणजे वाटेत कधीतरी अख्खी कातडी बदलली गेली. कशी, यावर भांडणं चालू आहेत.

केंद्रक मग कशासाठी?

'डीएनए सुरक्षित ठेवायला' हे उत्तर मला कधीच पटलं नाही, बॅक्टेरियाचा डीएनए उघड्यावर असतो आणि त्यांचं छान चाललंय. २००६ मध्ये मार्टिन आणि कूनिन यांनी मांडलेलं जास्त पटतं. आपल्या जनुकांमध्ये मधे मधे निरर्थक तुकडे असतात, इन्ट्रॉन म्हणतात त्यांना. त्यांचे पूर्वज बहुधा त्या आलेल्या बॅक्टेरियाच्या डीएनएतून यजमानाच्या डीएनएत पसरले. ते तुकडे कापून काढायला वेळ लागतो, आणि रायबोझोम तर घाईत, दिसली नक्कल की केलं प्रथिन सुरू. न कापलेल्या नकलेवरून प्रथिन केलं तर कचराच निघणार. मग काय, दोघांच्या मधे भिंत घाला, आधी कापा, मग बाहेर पाठवा. वर तो 'मुद्दाम उशीर' म्हटलं होतं तो हाच.

हे सगळं झालं केव्हा?

जीवनाच्या खुणा साधारण ३५० कोटी वर्षांपूर्वीपासून मिळतात. २४० कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास सायनोबॅक्टेरियांमुळे हवेत ऑक्सिजन साठायला लागला. दृश्यकेंद्रकी पेशींचे मानले गेलेले जुने जीवाश्म साधारण १६५ कोटी वर्षांचे, उत्तर चीनमधले. म्हणजे निम्म्याहून जास्त काळ पृथ्वीवर फक्त आदिकेंद्रकी मंडळीच होती. जनुकांवरून काढलेल्या तारखा मागेपुढे होतात, त्यामुळे कोणी अगदी छातीठोक एक आकडा सांगितला तर जरा सावध राहा.

एवढ्या वर्षांत हे एकदाच झालं?

मायटोकॉन्ड्रियाचं, आज जिवंत असलेल्यांपुरतं, हो. बुरशी, झाड, अमीबा, माणूस, सगळे त्याच एका जोडीचे वंशज. का एकदाच, यावर निक लेन आणि मार्टिन यांचं २०१० चं म्हणणं असं की बॅक्टेरिया बाहेरच्या पटलावर ऊर्जा बनवतो, त्यामुळे आकार वाढला की पृष्ठभाग पुरत नाही, आणि मायटोकॉन्ड्रिया आत आल्यावरच ती अडचण संपली आणि हजारो नवी जनुकं पोसणं परवडलं. सगळ्यांना हे गणित मान्य नाही, आणि २०२२ मध्ये कॅरिबियनच्या खारफुटीत एक सेंटीमीटर लांबीचा, नुसत्या डोळ्यांनी दिसणारा थायोमार्गारिटा मॅग्निफिका नावाचा बॅक्टेरिया सापडल्याचं जाहीर झाल्यावर तर चर्चेला अजून रंग चढला. पण त्याच्या आतही बराचसा भाग पोकळी आहे आणि ऊर्जा बनवायची यंत्रणा आतल्या पटलांवर पसरलेली आहे, तेव्हा मला तरी तो नियम मोडणारा वाटत नाही, नियमातून पळवाट काढणारा वाटतो.

क्लोरोप्लास्टच्या बाबतीत मात्र भानगड मोठी. मूळ घटना एक, पण नंतर त्या शैवालालाच दुसऱ्या कोणीतरी आत घेतलं, मग त्याला तिसऱ्याने. मलेरियाच्या परजीवीत अशीच एक उरलेली वस्तू आहे, चार पटलांची, लाल शैवालाच्या वंशातून आलेली, प्रकाशसंश्लेषण कधीच सोडून दिलेली. रक्तात राहणाऱ्या जीवाच्या पोटात झाडाच्या भाऊबंदाचा अवशेष! डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक मलेरियावर चालतं ते त्याच्यामुळेच.

बॅक्टेरिया म्हणजे मग मागासलेले राहिले का?

अजिबात नाही. तेही आपल्याइतकीच वर्षं उत्क्रांत होत आलेत, फक्त त्यांचा धंदा वेगळा: लहान राहा, पटकन वाढा, जनुकं शेजाऱ्याकडून उसनी घ्या. हवेतला नायट्रोजन पकडणं असो की दगडातून ऊर्जा काढणं, रसायनशास्त्रात ते आपल्या दहा पावलं पुढे आहेत.

मायटोकॉन्ड्रिया नसलेली दृश्यकेंद्रकी पेशी असते का?

आपल्याच रक्तात आहे की, तांबडी पेशी. तिने केंद्रक पण टाकलंय आणि मायटोकॉन्ड्रिया पण, आणि साधारण १२० दिवस जगते. पण ती मुळात पूर्ण पेशीपासूनच बनते. जिआर्डियासारख्या परजीवीत पूर्वी मायटोकॉन्ड्रिया नाहीत असं समजत, नंतर त्यांचे खुरटलेले अवशेष सापडले. खरोखर पाटी कोरी निघाली ती मोनोसर्कोमोनॉइडिस या जीवाची, २०१६ मध्ये, चिंचिलाच्या आतड्यातून वेगळा केलेला. पण त्याच्या पूर्वजांकडे होते, याने नंतर गमावले.

मायटोकॉन्ड्रिया फक्त आईकडूनच येतात हे खरं का?

माणसात जवळजवळ नेहमीच. बीजांडात त्यांच्या डीएनएच्या प्रती लाखाच्या घरात, शुक्रपेशीत जेमतेम काही डझन, आणि आत गेल्यावर त्यांना खूण करून मोडून टाकलं जातं. त्यामुळे आईच्या आईच्या आईची अशी एक सरळ रेघ मागे नेता येते. १९८७ मध्ये हेच करून आजच्या सगळ्या माणसांची रेघ आफ्रिकेतल्या सुमारे २ लाख वर्षांपूर्वीच्या एका स्त्रीपर्यंत नेली गेली. ती तेव्हाची एकटी स्त्री नव्हती, हे दरवेळी वेगळं सांगावं लागतं.

असं एकात एक जाणं कोणी प्रत्यक्ष होताना पाहिलंय का?

पाहिलंय. १९६६ मध्ये क्वांग जिऑन यांच्या प्रयोगशाळेतल्या अमीबांना कुठल्याशा बॅक्टेरियाची लागण झाली, एकेका अमीबात लाखभर बॅक्टेरिया, बहुतेक अमीबे मेले. दुसरं कोणी असतं तर बशा धुऊन टाकल्या असत्या. जिऑननी उरलेले मरतुकडे अमीबे सांभाळले. काही वर्षांत ते तगडे झाले, बॅक्टेरियांची संख्या एकेकात चाळीस हजारांच्या आसपास स्थिरावली. मग त्यांनी अशा अमीबाचं केंद्रक काढून लागण न झालेल्या अमीबात बसवलं, तर तो जगेना. बॅक्टेरिया आत टोचले, तर जगला. म्हणजे कालचा रोग आज गरज होऊन बसला होता, आणि हे सगळं एका माणसाच्या नोकरीच्या काळात.

आता पुढे नवीन अंगकं, म्हणजे मायटोकॉन्ड्रियासारखे पेशीतले भाग, तयार होऊ शकतात का?

होतायत. पॉलिनेला नावाच्या अमीबाने क्लोरोप्लास्टचा मार्ग स्वतंत्रपणे, साधारण १० कोटी वर्षांपूर्वी, परत धरला. आणि समुद्रात ब्रारुडोस्फेरा नावाचं एक शैवाल आहे, त्याच्या आत नायट्रोजन पकडणारा एक सायनोबॅक्टेरिया राहतो. १९९८ मध्ये जोनाथन झेर यांना पॅसिफिकच्या पाण्यात त्याच्या डीएनएचा एक तुकडा मिळाला होता, मालक कोण ते माहीत नव्हतं. तिकडे जपानमध्ये क्योको हागिनो हे शैवाल प्रयोगशाळेत वाढवायच्या मागे होत्या, त्यासाठी त्यांनी ३०० च्या वर फेऱ्या समुद्रावर मारल्या. ते जमल्यावर क्ष-किरणांनी पेशीच्या आत पाहता आलं: शैवाल दुभागतं तेव्हा आधी तो पाहुणा दुभागतो, एकेक दोन्ही बाजूंना जातो, आणि त्याची बरीच प्रथिनं यजमान बनवून पत्त्याचं लेबल लावून आत पाठवतो. २०२४ मध्ये त्याला बॅक्टेरिया म्हणणं थांबवून अंगक म्हणायला सुरुवात झाली, नाव नायट्रोप्लास्ट. पुढच्या वेळी कोणी पेशीचं चित्र काढायला दिलं तर एक बाण जास्तीचा लागेल.